अर्धवट आठवणाऱ्या घरच्या चाली

चिंचगुळाची आमटी
काल मिक्सर बसला आणि दाण्याचं कूट तर हवंच होतं म्हणून माळ्यावरचा खलबत्ता काढला. दोन मिनिटं कुटलं असेल नसेल आणि तोंडातून एक चाल यायला लागली, आजीची, ती पाटा धुवून ठेवेपर्यंत म्हणायची ती. तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती हो! शब्द फक्त "वाटेवर गं बाई चिंचेचं झाड" एवढेच, पुढे नुसतं हं हं हं. ओळीच्या शेवटी आजी सूर असा खाली सोडून द्यायची, जसं काही कंटाळलीच. मी हात धुवायलाही न थांबता फोन घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि... गायब. परत बत्ता हातात घेतला तर परत आली. शेवटी लेकीला फोन धरायला बसवून कुटत कुटत रेकॉर्ड केलं, पाव किलोचं कूट झालं, आता आठवडाभर सगळ्या भाज्यांत तेच.
तुमच्याकडे आहेत का अशा चाली? कशा जपल्यात? का राहूनच गेलं?

खारीबिस्कीट
अगदी अगदी!! आईला म्हटलं जात्यावरची ओवी म्हणून दाखव, तर फोन बघून ताठ बसली आणि शाळेत कविता म्हणतात तशी म्हणून दाखवली, घडाघडा, चालच नाही. मग मावशीने युक्ती केली, समोर सूप ठेवलं तांदूळ निवडायला आणि फोन डब्यामागे. दहा मिनिटांनी आपोआप सुरू. मधे "अगं खडा आहे बघ हा" पण रेकॉर्ड झालंय, ते मी काढणार नाहीये.

माहेरवाशीण
आमच्याकडे भोंडला. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर. गाणी सगळ्यांना येतात पण आमच्या वाड्यात शेवटची ओळ दोनदा म्हणायचे आणि दुसऱ्यांदा पट्टी चढवायचे, सोसायटीत तसं केलं तर बायका बघायला लागल्या.

डबाऐसपैस
@माहेरवाशीण खिरापत ओळखायची असायची का डबा हलवून? आमच्याकडे एकीने भिजवलेली डाळ आणली होती, आवाजच येईना, कुणालाच ओळखता नाही आली

माहेरवाशीण
वाटली डाळ हमखास हरवायची सगळ्यांना 😄

इंदूरी जिरावण
आमचे आजोबा आरतीला जी चाल लावायचे ती आख्ख्या खानदानात दुसऱ्या कुणाची नाही, अतिशय संथ, एका कडव्यात निरांजन विझायचं. बायको देवगडची, तिच्याकडे झांजा घेऊन धडाधड. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत आम्ही दोघं एकाच आरतीत वेगवेगळ्या ठिकाणी होतो. आता मुलगा तिची चाल म्हणतो. आजोबांची फक्त मला येते आणि मी बेसूर आहे, म्हणजे पुढच्या पिढीला काय जाणार देव जाणे.

पांढरी पाच
सासूबाईंचा पाळणा पेटीवर बसवायला गेलो होतो. त्या गातात साधारण काळी दोनमध्ये, ते मिळालं. पण दुसऱ्या ओळीत एक गंधार आहे तो ना कोमल ना शुद्ध, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. कोमल वाजवला की त्या म्हणणार "रडका झाला", शुद्ध वाजवला की "हे बँडवाल्यांचं". सारेगम लिहिलेली वही आहे पण तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. सरगम लिहाच, पण आवाजाला पर्याय नाही.

रिकामा तास
जात्यावरच्या ओव्यांवर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी पुण्यातून केवढं काम केलंय, गावोगावी जाऊन एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या साइटवर गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. नाहीतर काय होतं बघा, बहिणाबाई १९५१ ला गेल्या, १९५२ ला पुस्तक आलं ते घरात लिहून ठेवलेलं होतं म्हणून, नाहीतर तेही गेलंच असतं. पण आपण ऐकतो त्या चाली नंतरच्या संगीतकारांच्या. शेतात त्या स्वतः कशा म्हणत असतील?

कोपऱ्यातला पंखा
माझ्या बारशाची कॅसेट होती, साठ मिनिटांची, दोन्ही आज्या पाळणा म्हणतायत. काकाने बी साइडवर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली. ए साइड एका दुकानात कॉम्प्युटरवर घ्यायला दिली तर त्याने खरखर काढता काढता आज्याच काढल्या. मूळ कॅसेट टाकू नका लोकहो, खरखरीसकट ठेवा.

डबाऐसपैस
कॅसेट प्लेअर चांगला कुठे मिळतो आता? आमच्याकडे पट्टा सैल झालेला आहे, सगळेच पुरुष आवाज

कोपऱ्यातला पंखा
जुन्या बाजारात बघ. घेण्याआधी तिथेच लावून बघ, नाहीतर टेप खातो, मग आहेच पेन्सिल.

शिकागोची थंडी
इकडून व्हिडिओ कॉलवर रेकॉर्ड करत होते आईचं, प्रत्येक लांब सुरावर आवाज गायब. नेटला शिव्या घातल्या. मग कळलं कॉलवाल्या ॲपला लांबवलेला सूर पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, ते गाळून टाकतं. आता भाऊ तिकडे दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करतो आणि मला मेल करतो. फाइलला नाव दे म्हटलं तर 'आई गाणं नवीन', 'आई गाणं नवीन दोन'. अरे कुठलं गाणं, कुणाकडून शिकली, काहीतरी लिही!

संध्याछाया
सगळं वाचतेय. माझं राहून गेलं. फोन चांगला घेऊ मग करू म्हणत होते.

खारीबिस्कीट
@संध्याछाया अगं 🫂 भावंडांना विचार ना, एखाद्याला अर्धी ओळ येतच असेल.

संध्याछाया
हो, धाकट्याला विचारते. तो अंघोळ करताना काहीतरी गुणगुणायचा खरा.

सावंतवाडी पॅसेंजर
धागाकर्ती, ते चिंचेचं झाड आमच्याकडेही आहे! "वाटेवर गं बाई चिंचेचं झाड, सावली देतं बाई, पण बोलतं द्वाड". आमची काकी फुगडी घालताना म्हणते, एकदम उडती.

चिंचगुळाची आमटी
अगंबाई! द्वाड! हो हो हो, द्वाडच होतं! पण उडती नाही गं, आमची अगदी रेंगाळत. आईला आत्ता फोन केला तर ती म्हणते "तू म्हणतेस तशी नव्हतीच, मध्ये एक झोका होता", आणि मावशी म्हणते झोका बिका काही नाही, ताईला नीट ऐकू येत नव्हतं लहानपणापासून. दोघी भांडतायत. रविवारी दोघींना घरी बोलावलंय, शेंगदाणे एक किलो आणून ठेवलेत.

डबाऐसपैस
कुटाचं काय करणार एवढ्या?

चिंचगुळाची आमटी
लाडू. पत्ता कळवा.