शब्दचर्चा : औषधाच्या नावातलं ‘मॅब’

आईला र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून ते सुजतात तो आजार. मेथोट्रेक्सेट झालं, अडॅलिमुमॅब झालं, आता डॉक्टर सलाइनमधून रिटुक्सिमॅब देऊ म्हणतात. दोन्हींत ‘मॅब’ आहे, मग औषध एकच का? मराठीत याला काय म्हणायचं?

— एकच नाही. मॅब म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे शरीर रोगजंतूंना पकडायला बनवतं ते प्रथिन; तिला मराठीत प्रतिपिंड किंवा प्रतिद्रव्य म्हणतात. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशावळीतून आलेलं, म्हणून ‘एककृंतक’. शब्द बरोबर आहे, पण आईसमोर वापरू नका! १९७५मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी केंब्रिजला अशी प्रतिपिंडं बनवण्याची रीत शोधली.

खरी गंमत ‘मॅब’च्या आधीच्या अक्षरात आहे. रिटुक्सिमॅबमधलं ‘क्सि’ म्हणजे उंदीर आणि माणूस यांचं मिश्र प्रतिपिंड. टोसिलिझुमॅब या आणखी एका औषधातलं ‘झु’ म्हणजे बरंचसं मानवी केलेलं. अडॅलिमुमॅबमध्ये नुसता ‘उ’, म्हणजे पूर्ण मानवी. नव्या औषधांना २०१७पासून ही अक्षरं देत नाहीत आणि २०२१पासून ‘मॅब’सुद्धा नाही. जुनी नावं मात्र तशीच आहेत.

— दादा, आणि काम?

— अडॅलिमुमॅब टीएनएफ नावाचं, सूज भडकवणारं प्रथिन पकडतं. रिटुक्सिमॅब थेट बी पेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी होतात त्या पांढऱ्या पेशींना धरतं: त्यांच्या अंगावरच्या सीडी२० या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी मरतात. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते, त्यामुळे जुनी प्रतिपिंडं लगेच संपत नाहीत. पण नवीन लस नीट लागू पडत नाही, म्हणून लशी शक्यतो आधीच उरकतात. हेपटायटिस बीची तपासणीही आधी होते. अमेरिकेत हे औषध १९९७मध्ये लिम्फोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं, आईंच्या आजारासाठी २००६मध्ये. तेव्हा नेटवर ‘कॅन्सरचं औषध’ वाचून आईंनी घाबरू नये.

— अबाटासेप्ट पण मॅबच ना? तेही याच आजाराचं औषध, टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवर चालतं.

— टी पेशींवर चालतं, पण ते प्रतिपिंड नाही, जोडून बनवलेलं प्रथिन आहे. म्हणून शेपूट ‘सेप्ट’.

— आजाराला ‘संधिवात’ म्हणू नका. आपल्याकडे गुडघे झिजले तरी संधिवातच. ‘आमवात’ म्हणा.

— आमवात हे आयुर्वेदाचं निदान आहे, ते तंतोतंत हाच आजार नव्हे. मी तरी र्‍हुमॅटॉइडच म्हणतो. आणि अशा जिवंत पेशींत बनवलेल्या औषधांना इंग्रजीत बायोलॉजिकल म्हणतात, त्याला ‘जैविक औषध’ म्हटलं की लोकांना जैविक खत आठवतं. घरात ‘बी पेशी मारणारं सलाइन’ एवढं सांगितलं तरी पुरे.