हेडलाईटच्या काचा दुधाळ झाल्यात, घरी साफ होतील का?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी, गाडी २०१२ ची आहे, इंजिन ठणठणीत, पण हेडलाईटच्या काचा पार दुधाळ झाल्यात आणि ड्रायव्हर साईडची तर पिवळीधमक. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांत भागून जातं हो, पण परवा रात्री कसारा घाट चढताना पाऊस आणि धुकं, रस्त्याची पांढरी पट्टीच दिसेना, पुढच्या ट्रकची लाल लाईट धरून कसाबसा इगतपुरीपर्यंत आलो. मेकॅनिक म्हणतो दोन्ही सेट बदला, मेव्हणा म्हणतो टूथपेस्ट घास, आणि व्हिडिओत एकजण पेट्रोलने तर दुसरा डास मारायच्या स्प्रेने दोन मिनिटांत चकाचक करून दाखवतो. नाशकात कोणी घरी केलंय का? पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा?

गोदाकाठ:
पेट्रोल, थिनर, डासांचा स्प्रे यातलं काहीही लावू नका राव!! आपण काच म्हणतो पण ते पॉलीकार्बोनेट आहे, प्लास्टिक. असल्या गोष्टींनी वरचा थर विरघळतो म्हणून तेवढ्यापुरतं चमकतं, नंतर आतून बारीक बारीक तडे जातात आणि मग कुठलाच पेपर कामाला येत नाही.

सिडको_गॅरेज:
टूथपेस्टने थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण काही आठवड्यांत परत जैसे थे. कारण सांगतो. कंपनीतून काचेवर एक कडक कोटिंग येतं, ते ऊन अडवतं. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून ते कोटिंग मरतं आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. तुमची एकच बाजू जास्त पिवळी आहे म्हणजे पार्किंगमध्ये दुपारचं ऊन त्याच बाजूला येत असणार, बघा.

करायचं असेल तर असं करा. आधी काचेच्या चारी बाजूंनी पेंटवर मास्किंग टेप, दोन पदरी, नाहीतर बंपरचा रंग जाईल. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा पॉलिश पेपर, ८०० किंवा १००० पासून सुरू (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), पाणी सतत सोडत राहायचं, कोरडं घासायचं नाही. सुरुवातीला पिवळट पाणी निघतं, ते पांढरं यायला लागलं की समजायचं जुनं कोटिंग निघालं, तोपर्यंत नंबर बदलायची घाई नको. मग १५००, मग २०००, मिळाला तर ३०००. आधीचा पेपर आडवा फिरवला असेल तर पुढचा उभा फिरवा, म्हणजे जुने ओरखडे राहिले की लगेच दिसतात. २००० झाल्यावर काच बाथरूमच्या खिडकीसारखी दिसते, बरेच जण तिथेच घाबरून फोन करतात 😄 त्यानंतर रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मारलं की आरपार होते.

गोदाकाठ:
आणि इथेच सगळे थांबतात. कोटिंग तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलंय, आता उघडं प्लास्टिक आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलं तर आधीपेक्षा लवकर पिवळं पडणार. यूव्हीवाला क्लिअर कोट, म्हणजे ऊन अडवणारा पारदर्शक थर, मारायलाच हवा.

सिडको_गॅरेज:
बरोबर. टिकाऊ हवं असेल तर हार्डनरवाला टूके क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा कोट), पण त्यात आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क लावून बंद पार्किंगमध्ये मारू नका. त्यापेक्षा पेपर घरी मारा आणि कोट पेंटवाल्याकडून मारून घ्या. वॅक्सही चालतं पण मग दर दोनेक महिन्यांनी लावत बसावं लागतं, आणि आपण कोणी बसत नाही.

इंदिरानगरकर:
भारी माहिती, धन्यवाद. अजून एक, डाव्या काचेच्या आतून सकाळी पाण्याचे थेंब दिसतात, ते पण पेपरने जाईल का?

सातपूर_शिफ्ट:
नाही जाणार, ते आतलं आहे. बारीक वाफ धरून लाईट लावल्यावर जात असेल तर चिंता नको, सगळ्या हेडलाईटला हवेची भोकं असतात. पण थेंब साचून खाली पाणी दिसत असेल तर सील गेलंय किंवा मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही, आधी ते झाकण तपासा, बल्ब बदलताना बऱ्याचदा अर्धवट लावतात. आणि टॉर्च मारून आतला रिफ्लेक्टर बघाच. त्याची चंदेरी उडाली असेल तर बाहेरून कितीही घासा, उजेड वाढणार नाही, मग मेकॅनिक म्हणतो तसा सेटच घ्यावा लागेल.

उजेड कमी म्हणून १००/९० वॅटचा (हाय बीम/लो बीम) बल्ब टाकायचा सल्ला कोणी देईल, नका टाकू. एचफोर, म्हणजे हाय-लो दोन्ही बीम एकातच असलेला बल्ब, ६०/५५ वॅटचा असतो, त्याच्यावर गेलात की होल्डर वितळतो, आणि धुरकट काचेतून उजेड नुसता फाकतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

इंदिरानगरकर:
झाकण खरंच ढिलं निघालं, दाबून बसवलं. रिफ्लेक्टर दोन्ही चांगले आहेत. रविवारी पाऊस नसेल तर पेपर मारतो, सिडकोवाले दादा, कोट तुमच्याकडे मारून मिळेल का?

सिडको_गॅरेज:
या की. फक्त कंपाउंड मारू नका, २००० ला थांबा आणि तशीच आणा. गुळगुळीत काचेवर कोट धरत नाही.