कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत, साऊंड कार्ड घ्यावं का?

सांगलीकर_सूर:
मंडळी, आमच्या आबांनी भजनी मंडळाच्या बैठका कॅसेटवर धरून ठेवल्यात. काहींच्या आतला तो स्पंजचा तुकडा गळून पडलाय, म्हणून उशीर नको म्हटलं. डेकची वायर मागच्या निळ्या सॉकेटला लावून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतोय. मदरबोर्डवर रिअलटेकची एएलसी८८७ ही आवाजाची चिप आहे. मागे सारखी घूंऽऽ चालू असते, आणि माऊस हलवला की वर चिरचिर. टाळ थांबले की दोन्ही फारच टोचतं. पुढच्या सॉकेटला हेडफोन लावून नुसतं ऐकलं तरी तीच चिरचिर. दुकानदार म्हणतो, कॅबिनेटच्या आत बसणारं पीसीआय एक्स्प्रेसचं साऊंड कार्ड टाका, प्रश्न मिटला. पैशांचं बघता येईल, पण खरंच मिटेल का? हेडफोन साधा ३२ ओहमचा आहे, गेम खेळत नाही.

तापकीर_गल्लीवाला:
थांबा, पाकीट आत ठेवा. हे दोन वेगळे आवाज आहेत. घूं विजेची आहे, ५० हर्ट्‌झची. चिरचिर डब्याच्या आतली. डेकची वायर उपसून नुसती शांतता रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष डेक आणि पीसीच्या अर्थिंगमधला. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. कॅबिनेटला हात लावून मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि कुणी सांगितलं तरी प्लगची अर्थची पिन काढू नका.
पुढच्या सॉकेटची वायर बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने येते, तिथे कचरा गोळा होतो. ऐकायला हेडफोन मागच्या हिरव्यात लावून बघा.

बेस_बाबुराव:
कार्ड घ्याच. माझा २५० ओहमचा हेडफोन मदरबोर्डवर मान टाकायचा, आता दणाणतो.

तापकीर_गल्लीवाला:
बाबुराव, तुमचा हेडफोन जास्त ओहमचा, चालवायला जड आहे, त्यांचा हलका. त्यांना आवाज आत घ्यायचाय, तुम्हाला बाहेर काढायचाय. गेमसाठी कार्ड लागायचं तो काळही २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आल्यावर ओसरला, गेमचा आवाज डायरेक्टसाऊंडमधून थेट कार्डाकडे जायचा तो रस्ताच मायक्रोसॉफ्टने बंद केला.

सांगलीकर_सूर:
वायर काढली, घूं गेली. चिरचिर मात्र आहेच, थोडी कमी झाली इतकंच. हेडफोन मागे लावल्यावर स्वच्छ.

तापकीर_गल्लीवाला:
मग आतलं कार्ड कशाला? तेही त्याच डब्यात, त्याच पॉवर सप्लायवर बसणार. बाहेरची यूएसबी डबी घ्या, लाइन इनपुटवाली. बेहरिंगरची यूसीए२०२ जुनी मिळाली तरी चालेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. साध्या कॅसेटमध्ये फितीची स्वतःची खरखर आणि आवाज यांतलं अंतरच ५०-६० डेसिबल. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच अंतर ९६ डेसिबल. २४ बिटच्या नादी लागण्यात अर्थ नाही. एका बोर्डवर घेऊनही घूं उरली तर डेकच्या आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (वायरीतून जुळणारी अर्थ तोडणारी छोटी डबी) टाका.

रेडिओ_रिपेअर_आप्पा:
डबी घ्याल ती घ्या, पण आधी डेकचं हेड बघा. आबांचा टेपरेकॉर्डर वेगळा, तुमचा डेक वेगळा, म्हणजे हेडचा कोन जुळत नाही. मग टाळ गोधडीखालून वाजल्यासारखे येतात आणि माणूस साऊंड कार्डाला शिव्या घालतो. इयरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. आवाज मोनो करून (डावा-उजवा एकत्र), फीत चालू ठेवून, हेडशेजारचा स्प्रिंगवाला पेच किंचित फिरवा. टाळ जिथे सर्वांत लख्ख, तिथे थांबा.

सांगलीकर_सूर:
आप्पा, पेचावर लाल रंगाचा ठिपका आहे. हात लावू?

रेडिओ_रिपेअर_आप्पा:
तो कंपनीचा. लावा, पण मूळ जागेची खूण करून ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर लोहचुंबकाचा नको. स्पंज गळालेल्या फिती दुसऱ्या कवचात घातल्याशिवाय वाजवू नका.