कानातलं, सिम आणि परदेशातलं नेट : तुमचेही किस्से येऊ द्या

खारूताई
आज जुन्या पर्सचा आतला कप्पा रिकामा केला तर कागदाची एक पुडी निघाली. वर माझ्याच अक्षरात ‘घरचं सिम, हरवायचं नाही’. उघडली तर आत एक कानातलं, तार सरळ केलेली.

मग सगळं आठवलं. फ्रान्समधलं एव्हियाँ, जिनिव्हा सरोवराचा काठ. नवरा लोझानच्या बोटीची तिकिटं काढायला रांगेत, मी बाकावर. पॅरिसला घेतलेलं सिम आठवडाभर मस्त चाललं होतं. तेवढ्यात मेसेज आला, ‘स्वित्झर्लंडमध्ये स्वागत’. हसूच आलं, कारण स्वित्झर्लंड समोर होतं, पाण्यापलीकडे. मधे नुसतं पाणी, आड काही नाही, फोनने पलीकडचा टॉवर पकडला होता. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दरात चालतं. नॉर्वे, आइसलंडसुद्धा त्यात येतात, पण स्वित्झर्लंड नाही. मला काय माहीत! मी हसत बसले आणि फोन आपला इमानेइतबारे आठवड्याभराचे फोटो वर चढवत बसला. अर्ध्या तासात शिल्लक शून्य.

म्हटलं घरचं सिम घालू. टाचणी नाही, म्हणून कानातलं काढलं, तार सरळ केली, ट्रे उघडला. पुडी उलगडली तर रिकामी! बाकाखाली, गवतात, पर्सच्या अस्तरात, सगळीकडे शोधलं. शेवटी त्या पुडीत कानातलं ठेवलं आणि गप्प बसले.

परदेशात स्वस्तात नेट मिळवताना झालेल्या फजित्या लिहा. उपायही लिहा, दिवाळीनंतर... नाही, कधी जायचं ते अजून ठरलेलं नाही, पण लिहा.

घुबडराव
पहिला! सविस्तर नंतर लिहितो, मीटिंगमध्ये आहे.

पाचवा गिअर
ई-सिम घ्या हो, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम. टाचणी नको, कानातलं नको. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर टाकून ठेवायचं, उतरलं की चालू.

कोरी पाटी
@पाचवा गिअर, एवढं सोपं असतं तर. ई-सिमचा क्यूआर आला ईमेलवर. ईमेल त्याच फोनवर. आता फोनच्या कॅमेऱ्याने फोनचाच पडदा कसा स्कॅन करायचा? मी विमानतळाच्या स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर फोन धरला होता, खोटं नाही सांगत. पुढचा कॅमेरा आरशाकडे. एक बाई हात धुता धुता बघत राहिली.

सुईदोरा
😂😂 आरसा!!!

पाचवा गिअर
नव्या आयफोनवर त्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी चालतं. नाहीतर खाली अक्षरांचा कोड असतो, तो हाताने भरायचा. आणि एक, काम झालं म्हणून ई-सिम डिलीट करू नका. बहुतेक क्यूआर एकदाच चालतात. मी ‘नेट येत नाहीये, काढून परत टाकू’ केलं आणि दुसरं विकत घेतलं.

अनवाणी
नेट येत नाहीये याचं कारण दहातल्या नऊ वेळा एकच असतं. डेटा रोमिंग, म्हणजे परक्या कंपनीच्या नेटवर्कवर नेट वापरायची सोय, बंद. लोकांना इतकं घाबरवलेलं असतं की रोमिंग हा शब्द दिसला की बोट आपोआप बंदकडे जातं. पण प्रवासाचं ई-सिम तुमच्या ठिकाणी रोमिंगवरच चालतं, त्याचं रोमिंग चालूच लागतं. बंद ठेवायचं ते घरच्या सिमचं. आणि दोन सिम असतील तर फोनमध्ये एक आगाऊ सोय असते, एकाची रेंज गेली की गुपचूप दुसऱ्याचा डेटा वापरायची. ती आधी बंद करा. माझं बिल तिथूनच आलं. किती ते विचारू नका, घरात अजून सांगितलेलं नाही.

मावशीची भाची
अनवाणी +१. अगदी हेच झालं. फक्त मी घरात सांगून टाकलं, ती दुसरी चूक.

घुबडराव
आलो. माझा किस्सा जुना आहे, स्मार्टफोनच्या आधीचा. तेव्हा ‘स्वस्तात नेट’ म्हणजे सायबर कॅफे. जर्मनीत बसलो, मिनिटावर पैसे, पासवर्ड चुकतोय, चुकतोय, चुकतोय. तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड अदलाबदल केलेले! ते कळेपर्यंत दहा मिनिटं. मग ईमेलमधलं ते गोल ‘अॅट’ कुठे? शेजारच्या पोराने न बोलता हात लांबवून उजवं ऑल्ट आणि क्यू दाबून दिलं. फ्रान्समध्ये तर आकडे टाकायलाही शिफ्ट दाबावी लागते. माझा पासवर्ड सगळा आकड्यांचा.

इटलीत २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्यामुळे कॅफेत पासपोर्ट दाखवल्याशिवाय बसू देत नसत. आणि मी गेलो कशाला, तर ‘सुखरूप पोचलो’ एवढं लिहायला. ते पत्र घरच्यांनी चार दिवसांनी वाचलं.

सुईदोरा
घुबडराव, छान लिहिलंत. माझे वडील असेच. पोचले की दोन मिस्ड कॉल. उचलायचा नाही! चुकून उचलला तर बोलणं राहिलं बाजूला, आधी ‘उचललास कशाला’. बाहेर असताना आलेल्या कॉलचेही पैसे त्यांनाच पडायचे ना.

(मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.)

कोरी पाटी
वडिलांवरून. बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर, आणि ते सिम मी शहाणपणा करून घरीच बाबांच्या फोनमध्ये ठेवून आलेले. हॉटेलच्या तुटक वायफायवर बाबा ओटीपी सांगतायत, तेही जोड्या करून. ‘एकोणसाठ... अठ्ठ्याहत्तर... एकोणऐंशी.’ मी म्हणतेय बाबा एकेक आकडा सांगा. ‘अगं एकेकच सांगतोय, एकोणसाठ!’ तीन ओटीपी संपले. चौथ्याला आईने फोन हिसकावून घेतला.

अनवाणी
😄 म्हणून सांगतो, घरचं सिम सोबतच न्यायचं. डेटा बंद, पण सिम चालू. बऱ्याच कंपन्यांकडे बाहेर आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून घ्या.

तळ्याकाठी
मी क्युबाला गेलो होतो २०१७ ला. तिथे २०१५ पासून बागांमध्ये वायफाय सुरू झालं होतं, मोबाइलवर नेट २०१८ च्या डिसेंबरात आलं. तासाचं कार्ड घ्यायचं, मागची पट्टी नखाने खरवडायची, आकडे टाकायचे. हवानात संध्याकाळी अनोळखी शहरात नेट कुठे आहे हे विचारावं लागत नसे. ज्या पायऱ्यांवर सगळ्यांचे चेहरे खालून उजळलेले दिसतील, तिथे. शेजारी आजी नातवाला व्हिडिओ कॉलवर केस मागे घे म्हणतायत, पलीकडे कोणीतरी रडतंय, सगळं उघड्यावर.

गंमत म्हणजे लॉगआउट करायला १.१.१.१ टाइप करावं लागायचं. मी पहिल्या दिवशी नुसता फोन खिशात टाकून निघालो, कार्ड तसंच चालू राहिलं.
पण एक सांगतो, त्या तासात घरी जेवढं बोललो तेवढं आता अमर्याद डेटा असून बोलत नाही.

मावशीची भाची
तळ्याकाठी, काय लिहिलंत. 🙏 फोटो आहेत का?

तळ्याकाठी
आहेत, जुन्या लॅपटॉपवर. तो चालू होत नाही.

झोपाळू
चीनला जाणार आहे पुढच्या महिन्यात. व्हॉट्सअॅप चालतं का?

पाचवा गिअर
हॉटेलच्या वायफायवर नाही, गूगलही नाही. तिथलं सिम घेतलंत तरी नाही. पण बाहेरचं सिम रोमिंगवर वापरलंत तर साधारणपणे चालतं, कारण त्याचा डेटा आधी आपल्या कंपनीकडे जाऊन मग पुढे जातो. यामुळेच उलटी गंमतही होते, तुम्ही बसलेले एका देशात आणि वेबसाइटला वाटतं तिसऱ्याच देशात आहात. बँकेचं अॅप अशा वेळी रुसतं.

दुबई, अबू धाबीला वेगळंच. व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. आणि तुर्कस्तानात लांब मुक्काम असेल तर, तिथलं सिम घातलेला बाहेरचा फोन नोंदणी केली नाही तर १२० दिवसांनी बंद करतात.

झोपाळू
बापरे. धन्यवाद. अजून एक, नकाशाला नेट लागतं का?

अनवाणी
नकाशा आधी उतरवून ठेवा. निळा ठिपका उपग्रहावरून येतो, त्याला डेटा लागत नाही.

सुईदोरा
आले. दक्षिण कोरियात मात्र मी फसले. मी गेले तेव्हा गूगल तिथे चालत जायचा रस्ताच दाखवत नव्हता, नकाशाचा तपशील देशाबाहेर द्यायला बंदी. तिथलंच अॅप घ्यावं लागलं.

जपानचं मात्र मला फार आवडलं. विमानतळावर भाड्याने वायफायची डबी घेतली, परतताना सोबत दिलेल्या लिफाफ्यात घालून लाल टपालपेटीत टाकली. टाकल्यावर लिफाफा तळाशी पोचल्याचा आवाज ऐकत उभी राहिले, उगीच.
पण डबी एकाकडेच असते. भांडण झालं की भांडणाऱ्याकडे डबी असेल तर दुसरा फूटपाथवर ऑफलाइन.

घुबडराव
क्रूझवाल्यांनो, बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन विमान मोडवर. बोटीवरचा टॉवर उपग्रहावरून चालतो, त्याचा दर वेगळाच. पडद्यावर नेटवर्कच्या नावाऐवजी ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला तर समजा. कसं कळलं ते विचारू नका.

मावशीची भाची
कसं कळलं?

कोरी पाटी
खारूताई, मूळ प्रश्न राहिलाच. सिम गेलं कुठे?

खारूताई
तेच सांगायला आले. नवऱ्याने आत्ता धागा वाचला. काही न बोलता उठला, कपाटातून जुन्या पासपोर्टचं कव्हर आणलं आणि त्यातून सिम काढून टेबलावर ठेवलं. हॉटेल बुक करताना ओटीपीसाठी स्वतःच्या फोनमध्ये घातलं होतं म्हणे आदल्या रात्री. सांगायचं राहिलं. मग मी गवतात शोधताना बघून सांगायची हिंमत झाली नाही. परत आल्यावर नवीन सिमसाठी दुकानात माझ्याबरोबर रांगेत उभाही राहिला होता हा माणूस!!

सुईदोरा
आता दुसरं कानातलं कुठे आहे ते विचारा त्यांना.

झोपाळू
खारूताई, ई-सिम टाकायला वायफाय लागतं का मग? विमानतळावरचं चालेल?