एकच अ‍ॅक्सेस डेटाबेस, वीस-पंचवीस रिमोट डेस्कटॉप : अनुभव सांगा

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधलं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरवर ठेवून अनेक शाखांतल्या लोकांना रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे दुरून सर्व्हरची स्क्रीन वापरून) देणाऱ्यांनी इथे नेमके तपशील लिहावेत. काय अडतं आणि का, तेही.

प्रतिसाद १
आधी फाइलचे दोन भाग करा: टेबलं बॅक-एंडमध्ये, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड फ्रंट-एंडमध्ये. सगळे एकाच यंत्रावर असतात म्हणून सर्वांना एकाच फ्रंट-एंडचा शॉर्टकट देण्याचा मोह होतो. घात तिथेच होतो. तात्पुरत्या टेबलांत एकाच्या नोंदींत दुसऱ्याच्या मिसळतात, आणि एक सत्र (एकाचं चालू लॉगिन) अर्धवट तुटलं की फाइल सगळ्यांचीच बिघडते. शॉर्टकट बॅच फाइलला (आज्ञा ओळीने चालवणाऱ्या छोट्या फाइलला) द्या. तिने मूळ एसीसीडीई (कोड बदलता न येणारी) प्रत प्रत्येकाच्या लोकल अ‍ॅपडेटा फोल्डरात कॉपी करावी आणि मग उघडावी. नवी आवृत्ती पुढच्या वेळी उघडताना आपोआप पोचते. तो फोल्डर विश्वासू ठिकाणांच्या यादीत घाला, नाहीतर कोड अडवला जातो.

प्रतिसाद २
परवान्यांचं आधी बघा. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा रोल (सर्व्हरवर बसवायचा घटक) नसेल तर सर्व्हरवर फक्त २ प्रशासकीय सत्रं मिळतात. रोल टाकल्यावर १२० दिवस सवलत असते. त्यानंतर कॅल (प्रत्येक वापरकर्त्याचे किंवा उपकरणाचे परवाने) नसतील तर लोकांना आत येता येत नाही. डिझाइन बदलायचं नसेल त्यांना मोफत अ‍ॅक्सेस रनटाइम (फक्त चालवण्यापुरती आवृत्ती) पुरतो.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादाला पूर्ण सहमती, पण रोजची डोकेदुखी वेगळीच असते. लोक लॉग ऑफ करत नाहीत, खिडकीच्या फुलीवर क्लिक करतात. सत्र डिस्कनेक्ट होतं, पण अ‍ॅक्सेस आत चालूच राहतं आणि नोंद लॉक राहते. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सर्वांना लागू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये) डिस्कनेक्ट झालेल्या सत्राला मुदत घाला. मात्र ती फार कमी नको. इंटरनेट क्षणभर गेलं तर अर्धवट भरलेलं बिल परत मिळालं पाहिजे. फ्रंट-एंडमध्ये लपलेला फॉर्म ठेवून, टायमरने बराच वेळ निष्क्रिय असलेलं सॉफ्टवेअर बंद करणं त्याहून बरं, कारण तिथे नोंद नीट सोडवता येते.

लॉक कुणाचं, हे एलएसीसीडीबी या लॉक फाइलवरून इथे कळत नाही. तिच्यात संगणकाचं नाव असतं, आणि इथे संगणक सर्वांचा एकच. सुरुवातीलाच विंडोज लॉगिनचं नाव आणि वेळ एका टेबलात लिहून ठेवा. रात्रीच्या कॉम्पॅक्टआधी (फाइलमधली वाया गेलेली जागा काढण्याआधी) कोण आत आहे ते लगेच दिसतं.

प्रतिसाद ४
रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. व्हीपीएन (सुरक्षित खाजगी जोडणी) किंवा ४४३ पोर्टवरचा रिमोट डेस्कटॉप गेटवे वापरा. प्रिंटिंगसाठी ईझी प्रिंट (सर्व्हरवर वेगळा प्रिंटर ड्रायव्हर न लागणारी सोय), आणि पॉलिसीत फक्त डिफॉल्ट प्रिंटर पुढे पाठवा. नाहीतर प्रत्येक सत्रात प्रिंटरांची रांग लागते आणि लॉगिन मंदावतं.

प्रतिसाद ५
वेगासाठी: सॉफ्टवेअर उघडल्यापासून बंद होईपर्यंत बॅक-एंडमधलं एक छोटं टेबल उघडं ठेवा. नाहीतर लॉक फाइल पुन्हापुन्हा बनते आणि पुसली जाते. कागदावर मर्यादा २५५ वापरकर्ते आणि २ जीबी; पण एकाच वेळी लिहिणारे वाढले की त्याच्या कितीतरी आधी टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर न्यावीत. फ्रंट-एंड बराचसा तसाच राहतो, मुख्यतः संथ क्वेऱ्या सर्व्हरवरच्या व्ह्यूमध्ये (तिथे साठवलेल्या क्वेरीत) हलवाव्या लागतात.