रेकी सेशनमध्ये नक्की काय होतं? पहिल्यांदाच जातेय (ठाणे / नवी मुंबई)

नेरुळची_ताई
नमस्कार मंडळी, शनिवारी पहिल्यांदा रेकीला (ते हात ठेवून एनर्जी देतात म्हणे, ते) जायचंय, नौपाड्यात एका बाईंकडे. पार्श्वभूमी अशी की गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, तेव्हापासून ऑफिस, नेरुळ-ठाणे ट्रेन, बाबांचा फिजिओ, मुलाची दहावी असं सगळं एकात एक चालूय आणि रात्री तीनला झोप उडते ती उडतेच. डॉक्टरांनी रिपोर्ट काढले, थायरॉइड निघालं, गोळी सुरू आहे, बाकी म्हणाले स्ट्रेस कमी करा. कसा ते नाही सांगितलं. मावसबहिणीने वाढदिवसाला तीन सेशन्सचे पैसेच भरून टाकलेत त्यामुळे आता नाही म्हणवत नाही.
तर, कपडे काढावे लागतात का? उपाशी जायचं का? विश्वास नसेल तर चालतं का, कारण माझा आहे की नाही ते मलाच कळत नाहीये. आणि काहीच जाणवलं नाही तर बाईंना तसं तोंडावर सांगायचं का?
नवरा म्हणतो त्यापेक्षा तलावपाळीला बसून भेळ खा. टिंगल नको प्लीज, ती घरी भरपूर मिळतेय.

खारी_बटर
कपडे अजिबात काढायचे नाहीत, फक्त चप्पल, घड्याळ, चष्मा, बेल्ट वगैरे. सैल ड्रेस घाल, जीन्स नको, तासभर पाठीवर झोपायचंय. मी वाशीला चार वेळा गेलेय. आधी पाचदहा मिनिटं काय त्रास, कुठली औषधं हे विचारतात, मग बेडवर आडवं करतात, चादर देतात, लाइट मंद आणि ते पाण्याचं म्युझिक (मला त्याने बाथरूमला जावंसं वाटायला लागलं, तेव्हा आधी जाऊन ये). मग डोळ्यांवर, कानाशी, डोक्याखाली, गळ्याजवळ, छाती, पोट, गुडघे, पावलं असं एकेक ठिकाणी हात ठेवून तीनचार मिनिटं थांबतात. दाबत नाहीत, चोळत नाहीत, मसाजच्या अपेक्षेने गेलीस तर वैतागशील. गळ्यावर आणि छातीवर तर हात टेकवतही नाहीत, वरच धरतात. अंगाला हात लावलेला नको असेल तर आधीच सांगायचं, सगळंच वरून करतात.
जाणवायचं म्हणशील तर मला पहिल्यांदा हात गरम लागले आणि पोटात गुरगुर झाली, दुसऱ्यांदा शष्प काही नाही, तिसऱ्यांदा घोरले. काही नाही जाणवलं तर खुशाल सांग, त्यांना रोज ऐकायची सवय असते.

मामलेदार_तिखट
उपाशी नको जाऊस, पण मिसळ खाऊनही नको. ती नंतर.

शंकासुर
टिंगल करत नाही, पण पैसे जातायत तिथे माहिती असावी. ही जी एनर्जी म्हणतात ती आजवर कुठल्याही यंत्रावर मोजता आलेली नाही. २००८ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखत राहण्याचा आजार) १०० पेशंट्सवर अमेरिकेत ट्रायल झाली, काहींना खऱ्या रेकीवाल्यांकडून आणि काहींना नुसती नक्कल करणाऱ्यांकडून, दुखण्यात फरक शून्य. त्याच्याही आधीची गंमत म्हणजे एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीचा प्रयोग. तो रेकीवर नव्हता, थेरप्युटिक टच म्हणून रेकीची चुलत बहीण म्हणावी अशी पद्धत आहे तिच्यावर होता. मधे पुठ्ठ्याचा पडदा, पडद्यातून उपचारकाचे दोन्ही हात पलीकडे आलेले, ती त्यातल्या एकावर आपला हात धरणार आणि त्याने नुसतं ओळखायचं कुठल्या. २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर आले ४४ टक्के. छापाकाटा केला असता तर जास्त आले असते. १९९८ साली ते जामा या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.
तासभर शांत पडायला मिळतं याला माझा विरोध नाही. घरी फोन बंद करून पडलात तर फुकट मिळतं एवढंच म्हणणं.

नौपाड्याची_काकू
शंकासुरा, घरी फोन बंद करून पडता येत असतं तर या पोरीने इथे लिहिलं असतं का? बाई घरात आडवी झाली की कुकर तरी लागतो नाहीतर बेल तरी वाजते.
मी नव्वदच्या दशकात रेकीची पहिली डिग्री, म्हणजे पहिली पायरी, केलेली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये लाटच आली होती, जो तो शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला जाऊन यायचा आणि सोमवारी शेजाऱ्यांच्या कंबरेवर हात ठेवायचा. त्यात अट्यूनमेंट असते, म्हणजे मास्टर (शिकवणारे) तुम्हाला दीक्षा देतात, मग २१ दिवस रोज स्वतःला रेकी द्यायची. ते २१ कुठून आले तर रेकी सुरू करणारे मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानात क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास आणि ध्यान केलं, तिथे त्यांना हे गवसलं असं सांगतात. १९२६ मध्ये ते गेलेसुद्धा. पुढे हायाशी म्हणून नेव्हीतले रिटायर्ड डॉक्टर होते त्यांनी हातांच्या जागा वगैरे नीट बसवल्या, त्यांच्याकडे हवाईहून हावायो ताकाता नावाच्या बाई उपचाराला आल्या त्या शिकूनच गेल्या, आणि तिथून हे जगभर पसरलं. लोकांना वाटतं फार प्राचीन आहे, पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजपेक्षाही लहान आहे हो वयाने.
मला काय मिळालं ते प्रामाणिक सांगते. सासूबाईंचे गुडघे काही बरे झाले नाहीत, शेवटी ऑपरेशनच केलं. पण रोज संध्याकाळी अर्धा तास मी त्यांच्या पायांवर हात ठेवून बसायचे, त्याआधी आम्ही दोघी एका खोलीत पाच मिनिटं धड बसत नव्हतो. आणि उसुईंची ती पाच वाक्यं आहेत ना, आजच्यापुरतं रागावू नको, आजच्यापुरती काळजी करू नको वगैरे, ती अजून फ्रिजवर आहेत. 'आजच्यापुरतं' हे बरं असतं, उद्याची हमी कोण देणार.

शंकासुर
काकू, त्याच ताकाताबाई मास्टर करायचे १०,००० डॉलर घ्यायच्या. फ्रिजवर तेही लावा.

नौपाड्याची_काकू
आमच्या सरांनी ५०० घेतले होते आणि वर पोहे दिले होते.

घोडबंदर_जॅम
इथे हसताय सगळे पण माझा अनुभव वाईट आहे. आईला एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही, भांडण नकोय. पहिल्याच दिवशी सांगितलं की नाभीपाशी मोठा ब्लॉकेज आहे, घरात कोणाचीतरी नजर आहे, २१ सेशन्सचं पॅकेज घ्या. आणि चौथ्या सेशनला, बीपीची गोळी हळूहळू सोडा, शरीर स्वतः सांभाळेल. आईने आम्हाला न सांगता सोडली. बाराव्या दिवशी चक्कर येऊन किचनमध्ये पडली, प्रेशर १९० च्या वर. नशीब ओट्याचा कोपरा डोक्याला लागला नाही.
तेव्हा ताई, जी व्यक्ती गोळी सोडा म्हणेल तिथून चप्पल घालून निघायचं, राहिलेले पैसे गेले तर गेले. कॅन्सर, डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात दिसली तरी तेच, १९५४ च्या कायद्याने, त्यात 'मॅजिक रेमेडीज' असाच शब्द आहे, अशा जाहिरातींवर बंदी आहे आणि तरी घोडबंदर रोडला खांबाखांबावर चिकटवलेल्या असतात.

रात्रपाळी_सिस्टर
मी स्टाफ नर्स आहे, वीस वर्षं झाली. रेकीने हानी होत नाही, हानी होते ती औषध सोडल्याने, त्यामुळे घोडबंदरच्या प्रत्येक शब्दाला माझा पाठिंबा.
पण ताई, तुमची थायरॉइडची गोळी कधी सुरू झाली? डोस जास्त होत असेल तरी झोप उडते, छातीत धडधडतं. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत करतात, झालंय का तुमचं? ते राहिलं असेल तर शनिवारच्या आधी रक्त देऊन या. आणि रेकीवाल्या बाईंना बाबांकडे नेणार असाल तर ज्या हाताला त्रास आहे तो ओढायचा नाही आणि फिजिओची वेळ मोडायची नाही, एवढं सांगून ठेवा.
तुम्हाला स्वतःला बरं वाटेल की नाही म्हणाल तर बहुतेक वाटेल. वर्षभर दुसऱ्याला उठवणाऱ्या बसवणाऱ्या माणसाला कोणीतरी झोप म्हटलं आणि अंगावर चादर घातली तर वाटणारच की.

नेरुळची_ताई
सिस्टर, टीएसएच खरंच राहिलं होतं! तीन महिने झाले. काल दिलं रक्त. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवते.
बाकीच्यांनाही थँक्स, रविवारी येऊन सांगते.

नेरुळची_ताई
तर जाऊन आले.
पहिल्या मजल्यावरचा साधा फ्लॅट, बाहेर गोखले रोडचे हॉर्न, त्यामुळे पाण्याचं म्युझिक वगैरे ऐकूच आलं नाही. फॉर्म भरून घेतला, गोळ्या विचारल्या, त्या चालूच ठेवा असं बाईंनी स्वतःहून सांगितलं म्हणून जरा धीर आला. हात गरम होते हे खरं, डोळ्यांवर ठेवल्यावर छान वाटलं. शेजारच्या घरात कुकर लागला होता, दोन शिट्ट्या मोजल्या, तिसरी मोजायला मी जागी नव्हते.
उठल्यावर बाई म्हणाल्या की डाव्या खांद्याने खूप एनर्जी ओढली. मला काटाच आला अंगावर, बाबांना उठवताना सगळा भार तिथेच येतो आणि मी हे कोणाला बोलले नव्हते. ट्रेनमध्ये तुर्भे आल्यावर आठवलं की फॉर्ममध्ये मीच लिहिलं होतं. शंकासुर, हसा.
त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपले. दुसऱ्या रात्री परत तीन.
पण एक झालं. मी ठाण्यात असूनही बाबांकडे जाऊ शकत नव्हते म्हणून दादाला कल्याणहून बोलवावं लागलं, वर्षात पहिल्यांदा तो एकटा तीन तास बाबांपाशी बसला, डायपरसकट. संध्याकाळी फोनवर आवाज बारीक होता, म्हणाला रोज असतं का गं हे एवढं. त्याला सांगितलंय की उपचाराचा कोर्स आहे, मधेच सोडता येत नाही, तीन शनिवार लागतात.

शंकासुर
तीन काय, एकवीस सांगा.