पायरॉक्सिकॅम + बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन : कॉम्प्लेक्स झालं कसं ओळखायचं?

बर्डीवाला_एमफार्म: नागपूरच्या अमरावती रोडला प्रोजेक्ट करून राहिलो. पायरॉक्सिकॅम हे वेदनाशामक औषध बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूच्या पोकळीत बसवायचं, तेच कॉम्प्लेक्स. १:१ मोलर प्रमाण (दोघांचे रेणू सारखे), पाणी-अल्कोहोल टाकून खलात मळलं. पूड पिवळी झाली, डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) २०० अंशांजवळचं औषधाचं वितळण्याचं शिखर गायब. मित्र म्हणते, झालं ना बे, लिही आता! मला काही पटून नाही राहिलं.

जुना_फॉर्म्युलेटर: नाही पटलं तेच बरं. पिवळेपणावर जाऊ नको. पायरॉक्सिकॅमचा मोनोहायड्रेट (पाण्याचा रेणू जोडलेलं रूप) पिवळाच असतो, नुसतं घोटूनही रंग बदलतो. औषध अस्फटिक झालं, म्हणजे स्फटिकाची रचना मोडली, तरी शिखर जातंच. त्याच प्रमाणातलं न मळलेलं मिश्रण डीएससीला सोबत लाव. एनएमआर (रेणूतल्या अणूंचे सिग्नल दाखवणारं यंत्र) मिळाला तर सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीतल्या एच-३, एच-५ प्रोटॉनचे (हायड्रोजनचे) सिग्नल सरकतात का बघ. खरा पुरावा तोच.

महालकर_ताई: आधी हिगुची-कॉनर्सचा फेज सोल्युबिलिटी आलेख काढ, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन (सीडी) वाढवत नेलं की औषध किती विरघळतं त्याचा. बीटा-सीडी स्वतःच २५ अंशांना लिटरमागे जेमतेम १८.५ ग्रॅम विरघळतं, म्हणजे १६ मिलिमोलरच्या पुढे जाऊ नकोस. आणि शेकर (नमुने ठरल्या तापमानाला हलवत ठेवणारं यंत्र) थंड करणारा हवा! मे महिन्यात आपल्याकडे साध्या वॉटर बाथला २५ अंश दाखव म्हटलं तर तो काय दाखवणार?

बर्डीवाला_एमफार्म: ताई, शेकर फक्त तापवणाराच आहे. ३७ ला करू?

महालकर_ताई: कर, पण सगळे नमुने ३७ लाच. गाळताना थंड होऊ देऊ नकोस, फिल्टर-सिरिंजही गरम ठेव.

जुना_फॉर्म्युलेटर: वजनाचंही बघ. २० मिग्रॅ औषधाला १:१ मध्ये ६८ मिग्रॅ सीडी लागतं. बाजारातलं कॉम्प्लेक्स १:२.५ चं, औषध धरून एका डोसला १९१ मिग्रॅ. डोस छोटा म्हणून हे जमतं. ४०० मिग्रॅच्या आयबुप्रोफेनला एवढी मोठी गोळी गिळवणार कोण?